पुरात बुडालेल्या हार्ड डिस्कची पवनचक्की

मंडळी, गेल्या आठवड्यात चार-पाच जणांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न विचारला. वरंधला आमच्या घरामागच्या टेपावर जो पंखा फिरताना दिसतो तो नक्की काय आहे, त्यावर खरंच वीज होते का, आणि खर्च किती आला? एकाने तर त्याचा फोटो काढून "वरंधमध्ये फुकटची वीज" असं लिहून ग्रुपवर सोडूनही दिला. फुकटची नाही आणि फार वीजही नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात २२ जुलै २०२१ पासून करावी लागेल. महाड-पोलादपूरच्या माणसाला ही तारीख समजावून सांगायची गरज नाही. त्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं पाणी सावित्रीतून आपल्याकडे उतरलं. मी महाडमध्ये एका मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर अडकलो होतो. लाईट आदल्या रात्रीच गेलेली. फोनमध्ये नऊ टक्के चार्ज. तासातून एकदा फोन चालू करायचा, रेंज आहे का बघायचं, परत बंद करायचा. रेंज नव्हतीच. खाली बाजारपेठेत पाणी चढत होतं आणि आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो.

त्याच दिवशी दुपारनंतर तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळल्या. मी पत्रकार. हे सगळं माझ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत घडलं आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कसं कळलं तेही सांगतो. एका गच्चीवर जरा रेंज मिळाली, फोन लावला, तर मुंबईचा एक पत्रकार मित्र मलाच विचारतोय, "अरे, तुमच्याकडे तळिये कुठं येतं?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज कसा झाला असेल ते तुम्हीच समजा. आमची आई वरंधला एकटी, म्हणजे त्याच बाजूला. तिचा आवाज ऐकायला मला आणखी दोन दिवस लागले. ती सुखरूप होती. तिचा फोन दोन दिवस कपाटात बंद पडून होता, एवढंच.

फोन चार्ज असता तर तळिये वाचलं असतं असं मी अजिबात म्हणत नाही. दरड खाली यायला काही क्षण लागले असतील. रस्ते पाण्याखाली होते, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. पण "आमच्याकडे डोंगर आला, माणसं दबलीत" हे एक वाक्य वाडीतून बाहेर पडायला किती वेळ लागावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. २००५ साली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या तेव्हाही बातमी अशीच चालत, पोहत बाहेर आली होती. मधल्या सोळा वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि तरी बातमी चालतच आली.

पाणी ओसरल्यावर महाडच्या बाजारात काय होतं ते तुम्ही पाहिलंय. प्रत्येक दुकानासमोर चिखलाने माखलेला ढीग. फ्रीज, गाद्या, वह्या, औषधांची खोकी. झेरॉक्सवाल्यांचे, टॅक्सवाल्यांचे, क्लासवाल्यांचे कॉम्प्युटर. आमच्या छोट्या ऑफिसातले दोन कॉम्प्युटरही त्यातच होते. माझी बारा वर्षांची कात्रणं आणि फोटो त्या हार्ड डिस्कवर. पुण्याला एकाकडे नेल्या, तो म्हणाला डेटा निघणार नाही. परत आणल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. फेकवेनात.

त्या डिस्क उघडल्या आमच्या भाच्याने. आयटीआय झालाय, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. दिवाळीत आला आणि म्हणाला, "मामा, डेटा गेला ना? मग आतली चुंबकं काढू का?" स्टार तोंडाचा बारीक स्क्रूड्रायव्हर लावला, झाकण काढलं, आत आरशासारखी तबकडी आणि कोपऱ्यात दोन चपटी, काजूच्या आकाराची चुंबकं. जेमतेम बोटाएवढी. एक सुटलं आणि टेबलावरच्या पक्कडीला असं जाऊन बसलं की दोघांनी ओढून काढावं लागलं.

ही निओडिमियमची चुंबकं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ती शोधून काढली. लाऊडस्पीकरच्या मागे जे काळं गोल चुंबक असतं त्याच्यापेक्षा ही कितीतरी पट जोरदार. आज इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरपासून मोठ्या पवनचक्कीपर्यंत सगळीकडे हीच लागतात आणि जगातली बहुतेक चीनमध्ये बनतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि आपल्या गाडी कंपन्यांची धावपळ सुरू झाली, बातम्या वाचल्या असतील. इकडे आपला भंगारवाला तीच चुंबकं किलोच्या भावात, लोखंड म्हणून घेतो. त्या वर्षी महाडच्या भंगारात ती किती गेली असतील याचा हिशेब नाही.

भाच्याच्या डोक्यात पवनचक्की होती. माझ्या डोक्यात आईचा बंद पडलेला फोन होता. दोन्ही जुळलं.

आता थोडा इतिहास, कारण आम्ही काही नवं केलेलं नाही. वाऱ्यावर वीज करून घरात दिवा लावायचं काम स्कॉटलंडच्या जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने १८८७ साली मेरीकर्क गावातल्या आपल्या सुटीच्या घरी केलं होतं. उरलेली वीज गावच्या रस्त्यावर दिव्यांना देतो म्हणाला, तर गावाने हे सैतानाचं काम म्हणून नको सांगितलं. (आमच्याकडे एक आजी म्हणाल्या, "असलं काय लावू नको, वीज पडंल." त्यांचं म्हणणं सैतानवाल्यांपेक्षा बरंच शास्त्रीय होतं, त्याबद्दल पुढे.) आफ्रिकेत मलावी देशात विल्यम कामक्वाम्बा या पोराने २००२ च्या सुमारास, दुष्काळात फी भरता न आल्याने शाळा सुटलेली असताना, वाचनालयातल्या पुस्तकातली चित्रं बघून सायकलचा डायनामो, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लास्टिकचा पाईप जोडून घरात दिवा लावला. त्याच्यावर सिनेमाही आलाय. आणि चुंबकांची जी रचना आम्ही वापरली ती मुळात ह्यू पिगॉट या माणसाची. स्कॉटलंडमध्येच, जिथे रस्ताही जात नाही आणि विजेची लाईनही जात नाही अशा स्कोराईग नावाच्या किनाऱ्यावर राहून त्याने मोटारींच्या जुन्या ब्रेक ड्रमपासून पवनचक्क्या बनवल्या आणि कृती सगळ्यांसाठी लिहून ठेवली. आपल्याकडे ऑरोव्हिलला मिनवायू म्हणून मंडळी त्याच पद्धतीने बनवतात आणि शिकवतात.

रचना सांगायला सोपी आहे. लोखंडाच्या दोन गोल चकत्या, दोन्हींवर कडेने चुंबकं चिकटवलेली, समोरासमोर. मधल्या फटीत तांब्याच्या तारेची वेटोळी, रेझिनमध्ये ओतून केलेली एक पातळ थाळी. चकत्या पंख्याबरोबर फिरतात, थाळी जागेवर राहते. चुंबक वेटोळ्यावरून सरकलं की तारेत वीज. मध्ये लोखंड नसल्यामुळे पंखा अडकत अडकत फिरत नाही, झुळकीलाही हलतो. आम्हाला लागली चोवीस चुंबकं, एका चकतीवर बारा. आमच्या दोन डिस्क, मित्रांच्या पाच, बाकी भंगारातून. चकत्या लेथवर कापून घेतल्या, फिरायला जुन्या ओम्नीचं मागचं हब, बेअरिंगसकट. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर. सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून तीन पाती.

पहिला दणका बसला तो चुंबकं पट्टीपासून सोडवताना. ती लोखंडी पट्टीवर घट्ट चिकटवलेली असतात. छिन्नी लावली तर टवका उडतो, तापवलं तर ८० अंशांच्या पुढे चुंबकपण कमी व्हायला लागतं. चार फुटली. शेवटी पट्टीच दोन पक्कडीत धरून वाकवायची, म्हणजे चुंबक आपोआप उठून येतं, हे जमलं. माझ्या अंगठ्याला दोन चुंबकांच्या मध्ये सापडून काळानिळा डाग पडला तो महिनाभर होता. घरात लहान मुलं असतील तर हे काम त्यांच्या समोर नको, आणि ही चुंबकं गिळली गेली तर सरळ जिवावरचं प्रकरण आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरा दणका मोठा. सगळं जोडलं, हाताने जोरात फिरवलं, मल्टिमीटर लावला. शून्य. म्हणजे अगदी शून्य नाही, काटा शरमेने हलावा एवढं. वायरिंग तीनदा तपासलं. भाचा म्हणाला, "मामा, हे काय चालायचं नाय." पंधरा दिवस ते तसंच कोपऱ्यात पडून होतं. मग एका रात्री त्याने चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला आणि मला उठवलं. एका बाजूला एकच ध्रुव असणार असं आम्ही धरून चाललो होतो. हार्ड डिस्कच्या चुंबकात एकाच तोंडावर अर्ध्या भागात उत्तर आणि अर्ध्या भागात दक्षिण असतो. आम्ही वेटोळं केलेलं अख्ख्या चुंबकाएवढं. म्हणजे त्यातून उत्तरही जातोय आणि दक्षिणही, दोघं एकमेकांना खाऊन टाकतायत. वेटोळी निम्म्या रुंदीची केली, अठरा नग, आणि चकतीवरची सगळी चुंबकं एकाच दिशेने लावली, म्हणजे उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असा चोवीस ध्रुवांचा गोल होतो. हाताने फिरवलं तर सहा-सात व्होल्ट. त्या रात्री आम्ही दोघांनी एलईडीचा एक बारीक दिवा लावून आईला उठवलं. आई म्हणाली, "एवढ्याशा उजेडासाठी मला उठवलंत?"

तिसरी गोष्ट म्हणजे वारा. वरंध घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात रात्री वारा असा घोंघावतो की पत्रे उडतील वाटतं. म्हणून आम्ही पहिल्यांदा घराला लागूनच पंधरा फुटी पाईपावर पंखा लावला. तो वेड्यासारखा इकडून तिकडे तोंड फिरवत राहिला आणि धड फिरलाच नाही. वाऱ्याचा आवाज येणं आणि वारा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. घरं, झाडं, डोंगराची कड यांच्या मागे वारा भोवऱ्यासारखा गरगरतो. पंख्याला लागतो सरळ वाहणारा वारा. त्यासाठी आजूबाजूच्या शंभर मीटरमधल्या सगळ्या उंच वस्तूंच्या वर निदान तीस फूट जावं लागतं. आपल्या भागात आंबा आणि ऐन सोडून वर तीस फूट म्हणजे कुणाचं काम आहे! मग घरामागच्या उघड्या टेपावर गेलो. तिथेही वाघजाईच्या खिंडीत असतो तसा वारा नाही, पण सरळ येतो.

आणि वेगाचा हिशेब फार निष्ठुर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, आणि वेग निम्मा झाला की आठवा हिस्सा उरते. आमच्या पात्यांचा घेर चार फुटी. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात त्यातून पंधरा-सोळा वॅट निघायला हरकत नाही. ताशी ११ किलोमीटरला तीन-चार वॅट. त्याखाली नुसती शोभा. उद्या कुणी तुम्हाला "घरावर छोटी पवनचक्की बसवा, बिल शून्य" असं सांगायला आलं तर त्याला तुमच्या छपरावर वारा किती वाहतो ते मोजलंय का, एवढंच विचारा. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. ते सह्याद्रीचं उघडं डोकं आहे. आपण त्याच्या पायाशी बसलोय.

२०२२ चा पावसाळा असाच प्रयोगात गेला. गणपतीत पंखा खरखरू लागला. उतरवला तर चुंबकांवर तांबूस भुकटी. काढताना ज्यांच्या वरच्या निकेलच्या थराला ओरखडा गेला होता ती सगळी कोकणच्या हवेत गंजून फुगली होती आणि मधल्या थाळीला घासत होती. सहा बदलली. दुसऱ्या वेळी चकत्याच रेझिनमध्ये बुडवून काढल्या. मे महिन्यात एका माकडाने पात्यावर झोका घ्यायचा प्रयत्न केला, तेही पातं बदललं. पाईप चिरून पातं करायला आता मला अर्धा दिवस लागतो, त्यात मी तरबेज आहे.

त्या आजींचं वीज पडण्याबद्दलचं म्हणणं आम्ही मनावर घेतलं. उघड्या टेपावर लोखंडी खांब उभा करणं म्हणजे आमंत्रण. खांबाला वेगळं अर्थिंग, घरातली वायरिंग त्याला जोडलेली नाही, बॅटरी टेपाजवळच्या जुन्या गोठ्यात. खांब बुडाशी बिजागरीवर आहे, दोघं जण ताणाच्या तारा सोडून आडवा करू शकतात. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ कुणी विसरलेलं नाही, तसा इशारा आला की तो आधी झोपवायचा. आणि पंखा थांबवायचा असेल तर त्याच्या तिन्ही तारा एकमेकांना जोडायच्या, तो जागच्या जागी जड होऊन बसतो. हा प्रकार बघायला गावातली पोरं अजून येतात.

आता मुद्द्याचं. वीज किती होते?

२०२३ च्या जुलैत मी वही ठेवली होती. सगळ्यात चांगल्या रात्री सव्वाशे वॅट-तास बॅटरीत गेले. म्हणजे चार-पाच फोन पूर्ण चार्ज. त्याच आठवड्यात दोन दिवस दहासुद्धा नाही. पाऊस धो धो, पण वारा पडलेला. एकूण खर्च जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसकट नऊ हजारांच्या आसपास, आमची मजुरी आणि माझा अंगठा सोडून. घरावर आईसाठी चाळीस वॅटचं सोलर पॅनलही आहे. मुसळधार दिवशी त्यावर दिवसभरात एक फोन कसाबसा भरतो. उन्हाळ्यात तेच पॅनल पंख्याला लाजवतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तेवढ्याच पैशात मोठं पॅनल आणि चांगली बॅटरी घेतली असती तर वर्षभराची वीज जास्त मिळाली असती, आणि त्याला दरवर्षी रंग, ग्रीस आणि माकडांचा बंदोबस्त लागला नसता. कुणी आपल्या ग्रामपंचायतीच्या पैशातून पवनचक्की घ्या म्हणून माझं नाव सांगितलं तर ते खोटं समजा. पंखा कामाला येतो तो जुलैच्या त्या काळ्या चार-पाच दिवसांत, रात्री, जेव्हा पॅनल आंधळं असतं. त्या वेळी तो पॅनलच्या जोडीला हवा. एवढीच त्याची जागा.

पण त्या वहीने मला दुसरी एक गोष्ट दाखवली. अडचणीच्या दिवशी वाडीला लागणारी वीज फारच थोडी असते. एक स्मार्टफोन भरायला वीस-पंचवीस वॅट-तास. तीन वॅटचा दिवा रात्रभर, म्हणजे तीस-पस्तीस. रेडिओला त्याहून कमी. वीस घरांच्या वाडीत दोन फोन आणि एक दिवा चार दिवस चालवायचा तर एका इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते सगळं बसतं. आपल्या जिल्ह्यातल्या खोपोलीहून १९१५ पासून आणि भिऱ्याहून १९२७ पासून मुंबईला वीज जाते आहे, मेगावॅटच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. मी बोलतोय एका बॅटरीबद्दल, पण ती त्या वाडीत, पाण्याच्या वर, पावसाच्या आधी भरून ठेवलेली हवी. महाडच्या गोदामात असून उपयोग नाही.

पावसाळ्याआधीच्या अशाच एका तयारीच्या बैठकीला मी बातमीदार म्हणून बसलो होतो. बोटी किती, जेसीबी कुठे, धान्य पोचलं का, पोहणाऱ्यांची यादी. सगळं आवश्यक आणि बऱ्यापैकी मनापासून केलेलं. मी विचारलं की दरडीखालच्या वाड्यांत लाईट गेल्यावर फोन कशावर चार्ज होणार? "पॉवर बँक ठेवा ना," असं उत्तर आलं आणि पुढचा विषय निघाला. पॉवर बँक चांगलीच आहे. पण ज्या वाड्यांबद्दल मी विचारत होतो तिथे म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन आहे, पोरं मुंबईला किंवा पुण्याला. पॉवर बँक घेणार कोण आणि दर महिन्याला भरून ठेवणार कोण?

२०२३ मध्ये आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर भोंगा वाजून सरकारचा चाचणी इशारा आला होता, आठवतंय? चांगली योजना आहे. दरडीचा इशारा असा वाजला तर माणसं घराबाहेर पडतील. पण भोंगा वाजायला फोन चालू हवा आणि टॉवर चालू हवा. टॉवरची गोष्ट तर आणखी वेगळी. लाईट गेली की तो काही तास बॅटरीवर चालतो, मग जनरेटर, मग डिझेल संपतं. रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोचत नाही. आमच्या पंख्याने आईचा फोन भरला जातो, टॉवर नाही. २०२३ च्या जुलैतच एका रात्री हे डोळ्यांनी पाहिलं. गोठ्यात शेजारचे सात-आठ फोन लावलेले, सगळे शंभर टक्के, आणि एकालाही रेंज नाही. एक वहिनी म्हणाल्या, "भाऊ, चार्ज झाला पण बोलायचं कुणाशी?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून माझी मागणी पंख्याची नाही. दरडग्रस्त म्हणून यादीत असलेल्या प्रत्येक वाडीत शाळेत नाहीतर देवळात एक भरलेली बॅटरी, एक पॅनल, चार्जिंगची दहा टोकं, आणि ती सांभाळायला गावातलाच एक माणूस, नावानिशी. आणि घाटाच्या तोंडाशी असलेल्या टॉवरना जूनच्या आधी डिझेलचा साठा आणि मोठी बॅटरी, ती आहे का नाही हे कुणीतरी जाऊन बघितलेलं. पहिल्याचा खर्च एका वाडीमागे एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमी आहे. दुसऱ्याबद्दल मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय, उत्तर आलं की इथेच टाकेन. तुमच्या वाडीत जुलै २०२१ मध्ये रेंज किती दिवस नव्हती ते खाली कमेंटमध्ये लिहा, वाडीचं नाव आणि दिवस एवढंच. अर्जाला जोडायचं आहे.

पाऊस मेमध्येच येऊन धडकला, त्यामुळे आमचा पंखा उशिराच चढला. काल भाच्याने बेअरिंगला ग्रीस भरलं, मी एक पातं बदललं, संध्याकाळी दोघांनी खांब उभा केला. आई खाली अंगणातून ओरडत होती, "ताण नीट बांधा रे!" रात्री नऊला गोठ्यात जाऊन मीटर बघितला, अकरा वॅट दाखवत होता.

एक शेवटचं. दोन चुंबकं परत फुगायला लागलीत, बदली हवीत. पुरात बुडालेल्या हार्ड डिस्क कुणी माझ्यासारख्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या असतील तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन. डेटा मिळणार नाही, हे आधीच सांगतो. उघडताना समोर बसायचं असेल तर या, चहा आमच्याकडे.